मोटर कोणी बंद केली?

भर पावसात बागेला पाणी घालणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. वरून धो धो कोसळतंय, केळीच्या आळ्यांत बेडूक पोहताहेत, आणि आमच्या मालकीणबाईंची विहिरीवरची मोटर जेवणं आटोपली की सुरू. मोटर तरी कसली, त्यांच्या सासऱ्यांनी बसवलेली जुनाट धूड. ती चालू झाली की वरच्या मजल्यावर माझ्या मांडणीतले डबे थरथरायचे. तास-दीड तास हा धुमाकूळ, मग बंद. सण नाही, सुतक नाही, ऊन नाही की पाऊस नाही, मोटर काही चुकायची नाही.

मी त्यांची भाडेकरू. मनवेलपाड्याची आमची चाळ पाडायला घेतली, तेव्हा नवी इमारत उभी राहीपर्यंत कुठेतरी डोकं टेकायचं म्हणून आम्ही नवरा-बायको नालासोपारा पश्चिमेला, कळंबच्या रस्त्यावरच्या त्यांच्या वाडीत राहायला आलो. वाडी म्हणजे नारळ, केळी, पानवेली, कडेला चाफा आणि मोगरा, आणि मधोमध घर. खाली मालक, वर आम्ही. मी एका सकाळच्या शाळेत ऑफिसात कारकून होते. पहाटे उठून जायचं, दुपारी घरी यायचं, चार घास खाऊन आडवं व्हायचं, एवढंच माझं सुख. आणि नेमकी त्याच वेळी ती मोटर! आता मला सांगा, कुणाचं डोकं फिरणार नाही?

पहिल्याच आठवड्यात मी भांडायला खाली उतरले. काकी ओटीवर सुपारी कातरत बसल्या होत्या. त्यांना अख्खं गाव काकी आणि त्यांच्या यजमानांना काका म्हणायचं, म्हणून मीही. साठीच्या आतबाहेरची बाई, अंगाने पानवेलीच्या काठीएवढी, हनुवटी इवलीशी, पातळ चापूनचोपून नेसलेलं, अंबाड्यात चाफ्याचं फूल. मी विचारलं, काकी, पावसात पाणी कशाला घालता? त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "वरचं पाणी वेगळं. विहिरीचं वेगळं." झालं. परत सुपारी. मला असा राग आला! मी तावातावाने माझ्या झोपेचं गाऱ्हाणं मांडत राहिले, आणि मांडून झाल्यावर बघते तर बाई झोपलेल्या. हातात अडकित्ता तसाच. मी मोठ्याने खाकरले. डोळेही न उघडता म्हणाल्या, "मी जागी आहे. तू बोल."

हे त्यांचं कायमचं वाक्य. शेजारी सत्यनारायणाला गेल्या आणि कथेतच डुलायला लागल्या, बायकांनी कोपरं मारली, तर गुरुजींकडे बघून म्हणाल्या, मी जागी आहे, तुम्ही बोला. गुरुजींनी बिचाऱ्यांनी पुढचा अध्याय आवाज चढवून सांगितला. थंडी सरून ऊन तापायला लागलं की त्यांच्याकडे सुकेळी व्हायची, म्हणजे राजेळी केळी सोलून, मांडवावर वाळवून, केळीच्याच सुक्या पानांत बांधायची. कावळ्यांपासून ती राखायला काकी डोक्यावर टॉवेल घेऊन काठी धरून बसायच्या. एकदा मी कामावरून आले, तर मांडवावर कावळ्यांची पंगत बसलेली आणि राखणदारीण काठीवर हनुवटी टेकून गाढ. मी ओरडून कावळे उडवले. काकींनी डोळे उघडले, अर्धवट खाल्लेल्या केळ्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मी जागीच होते. मीच दिली त्यांना." काकांनी संध्याकाळी साऱ्या आळीत सांगितलं की यंदा कावळे फार माजलेत.

बरं, ही बाई आळशी म्हणावी तर तसंही नाही. कोंबड्याच्याही आधी उठायच्या. उजाडायच्या आत मोगऱ्याच्या कळ्या खुडून बाजाराच्या टेम्पोत घालायच्या. पण चालायचं म्हटलं की प्रत्येक केळीच्या बेटापाशी थांबणार. पान उलटून बघणार, खोडावर बोट फिरवणार, मग पुढच्या बेटापर्यंत जाणार. माझ्याकडे वर यायचं झालं तर जिन्यावर मध्येच थांबून कठड्याची धूळ बोटाने पुसून मला दाखवणार, आणखी थोडं चढून भिंतीचा रंग कसा पोपडलाय ते सांगणार. मला वाटायचं, काय खुसपट काढणारी बाई आहे! बोलणंही तसंच तुटक, तीन-चार शब्दांचं. गावात त्यांच्याबद्दल दोनच मतं होती, एक म्हणजे शिष्ट आणि दुसरं म्हणजे झोपाळू, आणि ती दोन्ही मतं एकाच वेळी बाळगायला कुणालाही अडचण नव्हती.

शिष्ट अशासाठी की काकी कुणाकडेही रात्रीच्या राहायच्या नाहीत. सख्ख्या भाचीचं लग्न डहाणूला, तरी सकाळी जाऊन दिवेलागणीला घरी परत. आणि काका? काका बाराही महिने रात्री ओटीवर झोपायचे, उशाशी बॅटरी घेऊन. का, तर म्हणे नारळाचे चोर येतात. डासांनी माणूस फोडून काढलेला, पण आत झोपायला जायचा नाही. मी तिथे राहिले तेवढ्या काळात नारळाचा चोर काही आला नाही, आणि आला असता तरी काकांच्या त्या मिणमिणत्या बॅटरीला भ्यायला नसता.

पलीकडच्या वाडीत एक भाऊ होते. त्यांचं घराणं मूळचं खाडीकडचं, भातशेतीवालं. काकींच्या मोटरने त्यांच्या विहिरीचं पाणी खारटायला लागलं होतं. समुद्र इतका जवळ, जमिनीतलं गोडं पाणी असं रोज उपसलं की खारं आत सरकणारच. भाऊ आले आणि कुंपणापाशी उभे राहून म्हणाले, "काकी, आमच्या हिरीचं पानी मचूळ झालं. तुमची मोटर जरा दमानं घ्या." रास्त म्हणणं होतं. काकींनी मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मोटर पुन्हा सुरू. मग महापालिकेत तक्रार करतो इथपर्यंत गोष्टी गेल्या. इकडे काकींच्या स्वतःच्या पानवेली मुळाशी कुजायला लागल्या. घराण्याच्या पानवेली डोळ्यांदेखत पिवळ्या पडताहेत, आणि काका बघताहेत, आणि बायकोला अवाक्षराने विचारत नाहीत की अगं, पाणी पुरे. मी नवऱ्याला म्हणायचे, या दोघांच्या डोक्यात काहीतरी सैल झालंय.

आणि मग एके दुपारी, ऐन श्रावणात, वीज गेली.

मोटर गचका खाऊन थांबली. मी म्हटलं वा, आज देव पावला, आणि कूस बदलली. तेवढ्यात खालून आवाज आला. लाद्यांवरून कुणी जड लोखंडी पेटी ओढत न्यावी तसा. पेटी ओढली जातेय, ओढली जातेय, आणि एकदम थांबली. मी कान दिला. काहीच नाही. मोटरच्या खोपटाकडून तो आवाज येत होता, मी उठून बसले. मग बुडणाऱ्या माणसाला केसाला धरून वर काढल्यावर तो जशी हवा ओढतो तसा आवाज. आणि पुन्हा ती पेटी. आणि पुन्हा काही नाही.

मी तशीच धावत खाली गेले. खोपटात मोटरच्या शेजारी बाजेवर काकी झोपल्या होत्या. तोंड उघडं, ओठ जांभळट. छाती वरखाली होत होती, पण नाकातोंडातून हवा म्हणून ये-जा करत नव्हती. मी पाहिलंय ते, मला कुणी शिकवू नये. मी त्यांना गदागदा हलवलं. त्यांनी एक प्रचंड श्वास ओढला, डोळे उघडले, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, मोटरकडे बघितलं.

"मोटर कोणी बंद केली?"

वीज गेलीय, मी म्हटलं. त्या उठून बसल्या, पदर सावरला. मग हळूच विचारलं की तू काय काय ऐकलंस. मी सांगितलं. मरत होतात तुम्ही, असंही सांगितलं. ते त्यांच्या कानावरून गेलं. त्यांना एवढंच ऐकू आलं की माझं घोरणं हिने ऐकलं. त्यांचा चेहरा असा उतरला, जणू मी त्यांना चोरी करताना पकडलं होतं. मग त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं की कुणाला सांगायचं नाही, नवऱ्यालाही नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे साऱ्या शाळेला माहीत आहे, पण त्या दिवशी मी हो म्हणाले.

त्यांनी सगळं सांगितलं ते त्याच दुपारी, वीज येईपर्यंत. तुटक तुटक, मध्ये दम खात. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. दिराच्या लग्नाला घर पाहुण्यांनी भरलेलं, बायका सगळ्या माजघरात ओळीने झोपलेल्या. सकाळी हळद लागत असताना त्यांच्या नणंदेने सगळ्यांसमोर काकींच्या घोरण्याची नक्कल केली. तेवढ्याने भागलं नाही. उखाणे घ्यायची वेळ आली तेव्हा तिने काकींच्या घोरण्यावर उखाणा रचून घेतला, आणि पुरुषमंडळींपर्यंत हसण्याची लाट गेली. पुढे कित्येक वर्षं तो उखाणा त्या घराण्यातल्या प्रत्येक कार्यात निघायचा. काकींनी त्या दिवसापासून परक्या छपराखाली डोळा मिटला नाही. काका ओटीवर गेले ते त्यासाठी, वाटसरूने काही ऐकलं तर मीच घोरत होतो असं म्हणता यावं म्हणून. रात्री खालून पुसट ऐकू यायचं ते मीही काकांचंच समजत आले होते. रात्रीच्या झोपेने भागायचं नाही, दुपारी तर माणूस कोसळायचाच, म्हणून मग मोटर. चोर नव्हते, पाणीही नव्हतं. अख्खी वाडी एका घोरण्यावर पांघरूण घालायला जुंपली होती!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच घरात काकांचे थोरले बंधू असे घोरायचे की कौलं उडतील, पण त्यांच्याबद्दल सगळे कौतुकाने म्हणायचे की सुखी माणूस आहे, पडल्या पडल्या झोप लागते. पुरुष घोरला तर सुखी, आणि बाई घोरली तर तिच्यावर उखाणा. वा रे न्याय.

आणि डॉक्टरांचं ऐकाल तर आणखी संतापाल. असं नाही की कुणाला दाखवलंच नव्हतं. लेक शाळेत होती तेव्हापासून काकी डॉक्टरांकडे जात होत्या. दिवसा झोप येते, चालताना धाप लागते, सकाळी डोकं चढलेलं असतं. एकाने रक्त वाढायच्या गोळ्या दिल्या, एकाने थायरॉइड तपासलं, एक म्हणाला वय झालं, दुसरा म्हणाला टेन्शन घेऊ नका, आणि शेवटच्याने रात्री शांत झोप लागावी म्हणून झोपेची गोळी सुरू केली. वजन कमी करा एवढं कुणी सांगू शकला नाही, कारण कमी करायला वजनच नव्हतं. त्यातल्या पहिल्या डॉक्टरांनी मात्र नेमका प्रश्न विचारला होता, झोपेत घोरता का म्हणून. काकींनी मान खाली घातली. शेजारी काका बसले होते, लेक स्टुलावर बसली होती. काकांनी ताठ मानेने सांगितलं, "आमच्या घरात बायका घोरत नाहीत." डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं, आणि विषय तिथेच मिटला. एका वाक्यात त्या माणसाने बायकोच्या आजारावरचं दार लावून घेतलं, आणि वर त्यांना वाटत होतं की आपण तिची अब्रू राखली.

मी म्हटलं, काकी, आता तरी छातीच्या डॉक्टरांकडे चला. त्या काही ऐकेनात. जन्म गेला, आता काय करायचंय, असं म्हणून त्यांनी हात झटकला. पण मग थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलावं तसं, लेकीचं काढलं. लेक म्हणजे ताई, नालासोपाऱ्यालाच पूर्वेला, आचोळ्याला दिलेली. तिच्या पहिल्या खेपेला पोट कापून बाळंतपण झालं होतं. हॉस्पिटलात बाळंतिणीजवळ रात्रीचं एक बाईमाणूस लागतं. ताईने आईचा हात धरून राहा म्हटलं. वॉर्डात आणखी बायका होत्या, त्यांच्याबरोबरच्या बायका होत्या, ताईची सासू होती. काकी डबा ठेवून संध्याकाळी निघून आल्या. पोरीची सासरी मान खाली जाऊ नये म्हणून. रात्रीला सासू राहिली. तेव्हापासून ताईने आईला कधी राहायचा आग्रह केला नाही. येणंजाणं होतं, बोलणं होतं, पण ते आपलं पाहुण्यांसारखं. आता ताईला पुन्हा दिवस गेले होते, दिवाळीनंतर मोकळी होणार होती.

"या खेपेला मला राहायचंय," काकी म्हणाल्या. "एक रात्र तरी. तिच्याजवळ."

बस्स, मला तेवढं पुरे होतं. मी काकांना सांगितलं की माझंच बायकांचं काहीतरी आहे, सोबतीला काकींना नेते. वसईला एक छातीच्या डॉक्टर होत्या, तरुण मुलगी. तिने विचारलं, घोरता का? काकींनी सवयीने मान खाली घातली. मी म्हटलं, "हो, घोरतात. आणि मध्येच श्वास थांबतो. मी ऐकलंय." डॉक्टरने पेन खाली ठेवलं आणि काकींच्या हनुवटीकडे बघितलं. मग समजावून सांगितलं की जबडा लहान आहे, झोपेत घसा आतून मिटतो, हवा जात नाही, मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो, की पुन्हा श्वास, आणि पुन्हा तेच, रात्रभर. माणूस झोपतो म्हणतात तेवढंच, झोप मिळत नाही. हृदयाला सारखा जोर लावावा लागतो, म्हणून दिवसाची धाप. झोपेची गोळी ऐकून तर ती बाई खुर्चीतून उठलीच. ती म्हणाली की अशा माणसाला ती गोळी देणं म्हणजे घसा आणखी सैल करणं, आजपासून बंद. परतताना रिक्षात काकी एवढंच म्हणाल्या की कठड्याची धूळ मी उगाच काढायचे गं, दम घ्यायला थांबायचे.

झोपेची तपासणी आमच्या खोलीत केली. नवऱ्याला दिराकडे धाडलं, आणि काकांना सांगितलं की मला एकटीला भीती वाटते. छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाला नळी लावून काकी माझ्या शेजारी झोपल्या. इतक्या वर्षांत दुसऱ्या बाईशेजारी पहिल्यांदाच. अहवाल आला तेव्हा डॉक्टर म्हणाल्या की आणखी उशीर केला असता तर मी काही सांगू शकले नसते. मग ते मशीन आलं. नाकावर मास्क, त्याला नळी, आणि ती नळी हवा आत ढकलत राहणाऱ्या एका डब्याला जोडलेली.

आता काकांना सांगणं भागच होतं. काकांनी मशीन बघितलं आणि त्यांचा चेहराच पडला. म्हणाले, हे लावून ही पोरीच्या सासरच्या माणसांत बसणार? इतकी वर्षं झाकलं ते काय यासाठी? मला राहवलं नाही. मी भाडेकरू आहे, वयाने लहान आहे, सगळं विसरले. मी म्हटलं, काका, तुम्ही अब्रू झाकत होतात, आणि काकींचा जीव जात होता. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा खरं का नाही सांगितलंत? त्यांनी आपली बॅटरी लावली, विझवली आणि म्हणाले, "घरच्या बाईबद्दल असं कसं सांगायचं?" त्यांना खरंच कळत नव्हतं. डासांत झोपून झोपून त्या माणसाने अंगाची चाळण करून घेतली होती, पण तोंडातून एक 'हो' काढला नव्हता. त्यांची कीवही आली, आणि मानगूट धरून हलवावंसंही वाटलं.

मशीनशी काकींचं सुरुवातीला मुळीच पटेना. घोड्याला तोबरा बांधतात तसं वाटतं, म्हणायच्या. नाक सोलवटलं, पट्ट्यांचे वळ उठले, दोनदा मास्क मोगऱ्यात फेकला, दोनदा मी शोधून आणला. मी रोज भांडायचे, त्या रोज म्हणायच्या की उद्यापासून. आणि एका सकाळी मी शाळेला निघाले, तर काकी जिन्याच्या पायथ्याशी उभ्या. चेहऱ्यावर मास्कचा वळ, केस विस्कटलेले, अंबाड्यात फूल नाही. माझ्याकडे बघून अगदी नवल वाटल्यासारख्या म्हणाल्या, "मी झोपले होते." बाईचं अख्खं आयुष्य मी जागी आहे म्हणण्यात गेलं होतं. मला तिथेच रडू फुटलं, आणि माझी पहिली रिक्षा चुकली.

त्यानंतरची गंमत अशी की काकी बोलायला लागल्या. तोवर आम्हाला वाटायचं, मितभाषी आहेत. मितभाषी कसल्या, वाक्य पुरं करायला दमच पुरत नव्हता! आता त्या लांबलचक वाक्यं बोलायच्या, मध्ये टोमणे घालायच्या, विषय सोडून दुसरीकडे जायच्या आणि परत यायच्या. चढणीवर धाप अजून लागायची, पण बसल्या जागी त्यांच्याशी बोलण्यात कुणी टिकेना. मोटर दुपारची बंद झाली तेव्हा भाऊ काळजीने विचारायला आले की जळली का. काकींनी त्यांना कुंपणापाशी उभं करून सगळं सांगितलं, घोरणं, श्वास, मशीन, सगळं, आणि तुमची विहीर बिघडवली त्याचं मला वाईट वाटतं असंही. भाऊ डोकं खाजवत म्हणाले, घोरतो तर मी पन. काकी म्हणाल्या, मग उद्याच जा तपासायला, आणि डॉक्टरचा पत्ता दिला.

नवरात्रात काकींकडे हळदीकुंकू होतं. तीच नणंद आली होती, आता म्हातारी, काठी टेकत. कोपऱ्यात मशीनची पिशवी बघून तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, काय गं, आता घोरण्याचा बाजा पिशवीत भरून ठेवतेस वाटतं? दोघी-तिघी हसल्या. मी उठणार होते, पण काकींनी मला हाताने बसवलं. हातातली कुंकवाची कुयरी खाली ठेवली.

"वन्सं, मी घोरत होते ते तुम्ही ऐकलंत. मध्ये माझा श्वास बंद पडत होता, तेही तुम्ही ऐकलंच असेल. माझ्या शेजारीच झोपला होतात. त्यावर उखाणा नाही सुचला?"

हे सगळं एका दमात. कुणी हसलं नाही. नणंदेने पानाचा विडा तोंडात घातला. लोक म्हणाले, काकींनी वयाचा मान राखायला हवा होता. मी म्हणते, नाही राखला ते उत्तम केलं.

दिवाळी झाली आणि ताईला पूर्वेच्या त्याच हॉस्पिटलात नेलं. काकी निघाल्या तेव्हा मशीनची पिशवी काकांनी स्वतःच्या खांद्यावर घेतली. वॉर्डात खाटेजवळ एकच प्लग, आणि तो मोबाईलसाठी आहे म्हणून तिथली आया अडून बसली. काकींनी मास्क वर धरून सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं सांगितलं की मी घोरते, माझा श्वास थांबतो, म्हणून हे लागतं, आणि आज मी माझ्या लेकीजवळ राहणार आहे. आयाने मोबाईल काढला. ताईची सासू म्हणे सगळ्यांत आधी पुढे झाली आणि मशीन ठेवायला तिने आपलं स्टूल दिलं. ज्या बाईच्या धाकाने काकी पहिल्या खेपेला पळून आल्या होत्या, ती ही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मेथीचे लाडू घेऊन गेले. मुलगी झाली होती. पाळण्यात मुलगी, आणि खाली चटईवर काकी, दुपारची वेळ, नाकाला मास्क लावून झोपलेल्या. मोटर नाही, काही नाही, नुसती मशीनची बारीक फुस्स. ताईचे डोळे सुजून लाल झाले होते. मला वाटलं मायलेकींचं काही बिनसलं की काय. मी विचारलं, रात्री झोपली नाहीस?

"आईचा आवाज येईना," ताई म्हणाली. "मला झोपच लागली नाही. सारखी वाकून बघत होते, श्वास चालू आहे ना."

आणि मग ती सांगत गेली, आईकडे बघत, खालच्या आवाजात. लहानपणी ती आईच्या कुशीत झोपायची. आवाज चालू असला की तिचा डोळा लागायचा. आवाज थांबला की ती जागी व्हायची आणि अंक म्हणायला लागायची, शाळेत नुकतेच शिकलेले. तिला येत होते तेवढे अंक संपले तरी आवाज आला नाही, की आईला पायाने ढोसायची. रोज. तिला वाटायचं सगळ्यांच्या आया अशाच झोपतात, आणि सगळ्या मुली अशाच जाग्या राहतात. घरातलं बाहेर बोलायचं नाही, असं बाबांनी बजावलेलं. लग्न ठरलं तेव्हा तिला एकच धास्ती होती, की आता आईला ढोसणार कोण.

"पहिल्या खेपेला मी तिला राहा म्हटलं ते माझ्या सोबतीला नव्हतं गं," ती म्हणाली. "इथे तरी ती माझ्या नजरेसमोर झोपली असती."

मी लाडवांचा डबा तसाच मांडीवर धरून बसले. मला तो पहिला डॉक्टर आठवला, ताठ मानेचे काका आठवले, मान खाली घातलेल्या काकी आठवल्या, आणि स्टुलावर बसलेली ती शाळकरी पोर. तिला सगळं माहीत होतं. त्या खोलीत खरं उत्तर एकट्या तिच्याजवळ होतं. मी ताईला म्हटलं, अगं, मग त्या दिवशी डॉक्टरांसमोर बोलली का नाहीस?

ताईने पाळण्याची दोरी हातात घेतली.

"मला कुणी विचारलंच नाही," ती म्हणाली.